धर्मशिक्षण: दावा आणि पडताळा

माध्यमिक शाळांत धर्मशिक्षण असावे की नसावे, हा वाद आपल्याकडे जुनाच आहे. परीक्षेतल्या कॉपीची प्रकरणे वर्तमानपत्रांत गाजली, किंवा कुठे मुलांनी शिक्षकावर हात उगारला, की पालकसभेत कोणीतरी उठून म्हणते, "मुलांना धर्म शिकवत नाही, त्याचीच ही फळे." सभेत माना डोलतात. विज्ञान शिकवणारी मंडळी अशा वेळी बहुधा गप्प बसतात, नाहीतर 'शाळेत धर्म नकोच' एवढे म्हणून मोकळी होतात. आम्हांला ही दोन्ही उत्तरे अपुरी वाटतात. प्रयोगवहीत आपण जे करतो तेच येथेही करावे. दावा नेमका काय आहे? तो कशाच्या आधारे केला आहे? त्याचा पडताळा घेता येतो काय, आणि कोणी घेतला आहे काय?

प्रथम शब्दांचा घोळ निस्तरला पाहिजे. 'धर्मशिक्षण' या एकाच शब्दाखाली आपण दोन अगदी वेगळ्या गोष्टी कोंबतो. एक म्हणजे एखाद्या धर्माची दीक्षा: त्याची प्रार्थना, आचार, श्रद्धा मुलाच्या अंगी बाणवणे. दुसरी म्हणजे धर्मांविषयीची माहिती: जगात माणसे काय मानतात, का मानतात, कसे वागतात, याचा अभ्यास. कोठारी आयोगाने (१९६४-६६) हा फरक स्पष्ट मांडला होता. आयोगाचे अध्यक्ष दौलतसिंग कोठारी भौतिकशास्त्रज्ञ होते आणि सदस्य-सचिव होते आपले जे. पी. नाईक. पहिल्या पदवीपर्यंतच्या सामान्य शिक्षणाचा भाग म्हणून प्रमुख धर्मांची निवडक माहिती द्यावी, असे त्यांनी सुचवले. राज्यघटनेच्या २८व्या कलमाने पहिल्या प्रकाराला मर्यादा घातली आहे. पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थेत धार्मिक शिक्षण देता येत नाही (धर्मादाय न्यासाने स्थापलेल्या संस्थांचा एक अपवाद आहे). मान्यताप्राप्त वा अनुदानित संस्थेत ते दिले जात असेल, तर विद्यार्थ्यावर, आणि तो अज्ञान असल्यास त्याच्या पालकांच्या संमतीशिवाय, त्याची सक्ती करता येत नाही. आपल्या बहुसंख्य माध्यमिक शाळा अनुदानित आहेत, म्हणून ही शेवटची तरतूद प्रत्येक मुख्याध्यापकाला ठाऊक असायला हवी. किती जणांना असते, हे वाचकांनीच आठवून पाहावे.

वर्ध्याच्या शिक्षण परिषदेतून १९३७ साली मूलोद्योगी शिक्षणाची योजना निघाली. तिच्यात धर्मशिक्षण नव्हते. गांधीजींसारख्या धर्मनिष्ठ माणसाने ते का वगळले, याचे कारण त्यांनीच पुढच्या वर्षी दिले: आज धर्म ज्या रीतीने शिकवले आणि आचरले जातात, त्यातून ऐक्याऐवजी भांडणे निघण्याची भीती वाटते. 'धर्म वाईट' असे ते म्हणत नव्हते. वर्गात गेल्यावर त्याचे काय होते, हे ते पाहत होते. शिक्षकाने आधी याच प्रश्नाकडे पाहावे असे आम्हांला वाटते.

स्वातंत्र्यानंतर हा विषय समित्यांच्या हाती गेला. राधाकृष्णन आयोग झाला. १९५९ साली, तेव्हा मुंबईचे राज्यपाल असलेले श्रीप्रकाश यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली गेली. बऱ्याच काळानंतर, १९९९ साली, शंकरराव चव्हाण यांच्या संसदीय समितीने मूल्यशिक्षणावर अहवाल दिला आणि सत्य, सदाचार, शांती, प्रेम, अहिंसा ही पाच मूल्ये पायाभूत मानली. २००० साली आलेल्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने हा धागा उचलला. धर्म हा मूल्यांचा एकमेव उगम नसला तरी एक प्रमुख उगम आहे, म्हणून शाळेत सर्व धर्मांविषयी शिकवावे, अशी त्याची मांडणी होती. हा आराखडा सर्वोच्च न्यायालयात गेला. अरुणा रॉय विरुद्ध भारत सरकार या खटल्याचा निकाल सप्टेंबर २००२ मध्ये लागला. धर्मांविषयीचे शिक्षण घटनेच्या २८व्या कलमात बसते, असे न्यायालयाने म्हटले. पुढे २००५ साली नवा आराखडा आला आणि २००० चा मागे पडला. पण त्या निकालाचा दाखला शिक्षकांच्या बैठकांत अजून निघतो, आणि तोही चुकीच्या कामासाठी. एखादी गोष्ट घटनेत बसते की नाही, एवढेच न्यायालयाने ठरवले. तिच्याने मुलांचे वर्तन सुधारते की नाही, हे न्यायालय ठरवू शकत नाही आणि त्याने तसे ठरवलेही नाही.

आराखड्यातल्या युक्तिवादात एक उडी आहे, ती येथे दाखवायला हवी. दया, सत्य, अस्तेय या कल्पना इतिहासात धर्मांच्या आश्रयाने वाढल्या, हे कोणी नाकारत नाही. पण त्यावरून 'धर्माचा तास घेतला की दया वाढेल' हे कसे निघते? भूमितीचा उगम जमिनीच्या मोजणीत आहे. म्हणून शेत मोजायला लावले की मुलाला प्रमेय येईल असे आपण म्हणत नाही. एखादी गोष्ट कुठून आली आणि ती आज मुलाच्या अंगी कशी उतरते, हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि दुसऱ्याला निरीक्षणाशिवाय उत्तर नाही.

असे निरीक्षण झालेले आहे. १९२०च्या दशकात अमेरिकेत ह्यू हार्टशॉर्न आणि मार्क मे या दोघांनी सुमारे अकरा हजार शाळकरी मुलांच्या प्रामाणिकपणाची चाचणी घेतली. हार्टशॉर्न स्वतः धर्मशिक्षणाच्या क्षेत्रातले होते, तेव्हा निष्कर्ष आधीच ठरवून ते निघाले होते असे म्हणता येणार नाही. असलेच तर त्यांचे मन उलट बाजूला झुकलेले असणार. त्यांच्या पद्धती शिक्षकाला गंमत वाटेल अशा आहेत. मुलांकडून एक चाचणी सोडवून घ्यायची, उत्तरपत्रिका गोळा करून त्यांची गुपचूप नक्कल ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी त्याच पत्रिका उत्तरसूचीसह परत देऊन सांगायचे, 'आपापली तपासा.' कोणी रातोरात हुशार झाला, हे नकलेवरून लगेच कळते. दुसरी चाचणी अशी: कागदावर लहानमोठी वर्तुळे छापलेली असतात. ती नीट पाहून घ्यायची, मग डोळे मिटून प्रत्येक वर्तुळात आकडा लिहायचा. न बघता हे फारसे जमत नाही. ज्याचे सगळे आकडे बरोबर आत पडले, त्याचे डोळे किलकिले होते असे समजावे. वर्गात, खेळात, घरी, अशा निरनिराळ्या प्रसंगी या चाचण्या घेतल्या.

निष्कर्ष १९२८ ते १९३० या काळात तीन खंडांत आले. एका ठिकाणी फसवणारे मूल दुसऱ्या ठिकाणी फसवेलच असे नाही. प्रसंग बदलला, पकडले जाण्याची भीती बदलली, की वागणे बदलते. रविवारच्या धर्मवर्गात नाव असलेल्या मुलांत आणि नसलेल्या मुलांत काहीसा फरक दिसला. पण जी मुले नियमित जात होती आणि ज्यांचे फक्त नावच हजेरीपटावर होते, त्यांच्यात प्रामाणिकपणाच्या बाबतीत फरक दिसेना. औषध घेणारा आणि नुसती बाटली घरात ठेवणारा हे दोघे सारखेच बरे होत असतील, तर गुण औषधाचा म्हणता येईल काय? तो बहुधा घराचा, परिस्थितीचा असावा. उलट शिक्षक आणि मुले यांचे संबंध कसे आहेत, वर्गाची हवा कशी आहे, याचा परिणाम दिसून आला.

या अभ्यासावरही टीका झाली. रॉजर बर्टन यांनी १९६३ साली तीच आकडेवारी पुन्हा तपासली आणि प्रामाणिकपणा अगदीच प्रसंगावर अवलंबून नसतो, काही सामान्य कल मुलात असतो, असे दाखवले. ते मान्य करू. पण त्याने धर्मवर्गाचा दावा पुन्हा उभा राहत नाही.

दुसरा प्रयोग लहान आहे, पण विसरता येत नाही असा. १९७३ साली जॉन डार्ली आणि डॅनियल बॅट्सन यांनी तो प्रसिद्ध केला. प्रिन्स्टनच्या धर्मशाळेत, म्हणजे पाद्री होण्यासाठी शिकणाऱ्यांच्या विद्यालयात, ४० विद्यार्थ्यांना एकेक करून दुसऱ्या इमारतीत छोटेसे भाषण द्यायला पाठवले. काहींचा विषय होता नोकरीच्या संधी, काहींचा होता बायबलमधील दयाळू शोमरोन्याची गोष्ट. वाटेवर जखमी पडलेल्या परक्या माणसाला पुजारी ओलांडून जातो आणि हीन मानलेल्या जमातीचा एक जण मदत करतो, ती ही गोष्ट. वाटेत प्रयोगकर्त्यांनी एक माणूस ठेवला होता. दारात कोसळलेला, खोकणारा, कण्हणारा. कोण थांबते? ज्यांना 'सावकाश जा' असे सांगितले होते, त्यांच्यापैकी ६३ टक्के थांबले. ज्यांना थोडी घाई होती, त्यांच्यापैकी ४५ टक्के. 'उशीर झाला, पळा' असे सांगितलेल्यांपैकी १० टक्के. डोक्यात दयेची गोष्ट घोळत आहे की नोकरीची, याने लक्षणीय फरक पडला नाही.

हे दोन्ही अभ्यास अमेरिकेतले, ख्रिस्ती समाजातले. ते जसेच्या तसे सातारा-सोलापूरच्या शाळांना लावणे शास्त्रीय होणार नाही. तरीही पुराव्याची जबाबदारी दावा करणाऱ्याची असते. 'धर्माच्या तासाने मुले सुधारतात' असे म्हणणाऱ्यांनी आमच्यापुढे पडताळा ठेवावा. तोवर या दाव्यावर वेळापत्रकातला एक तासही खर्च करू नये. मुलांना सतत धावते ठेवणारी, गुणांच्या मागे पळवणारी शाळा परिपाठात मात्र दयेची गोष्ट सांगते, यातला विसंवाद प्रिन्स्टनच्या त्या बोळात फार स्वच्छ दिसतो.

येथे परिपाठाविषयी दोन शब्द. नव्वदच्या दशकापासून महाराष्ट्रातल्या शिक्षकांना मूल्यांची एक यादी तोंडपाठ आहे. तिच्यात सर्वधर्मसहिष्णुता आहे, वैज्ञानिक दृष्टिकोन आहे आणि त्यांच्याच रांगेत वक्तशीरपणा व नीटनेटकेपणाही आहे. नखे कापण्याची तपासणी करता येते. सहिष्णुतेची कशी करणार? मग 'सर्व धर्म एकच शिकवण देतात' असे एक वाक्य फळ्यावर येते, मुले ते उतरवून घेतात आणि टाचणात 'मूल्य रुजवले' अशी नोंद होते.

या वाक्याला आमचा खरा आक्षेप आहे. चांगल्या हेतूने का होईना, ते खोटे आहे. कोठारी आयोगाचाही धर्मांतील साम्यावर भर होता, आणि त्याची छाया पुढच्या बहुतेक पुस्तकांवर पडली. बौद्ध आणि जैन परंपरांत जग निर्माण करणारा ईश्वर नाही. इस्लाममध्ये एकच ईश्वर आहे आणि त्याची मूर्ती करणे निषिद्ध आहे. हिंदू परंपरांत सगुण, निर्गुण आणि निरीश्वर अशा सगळ्या वाटा आहेत. मरणानंतर काय, याची उत्तरे तर एकमेकांना छेदणारी आहेत. नववीतल्या मुलाला हे दिसते. त्याला 'सगळे एकच' म्हणून गप्प केले, तर तो एवढेच शिकतो की या विषयावर मोठी माणसे खरे बोलत नाहीत. साम्य सापडले म्हणून आदर करायचा, तर भेद सापडला की काय करायचे? भेद माहीत असूनही शेजाऱ्याशी नीट वागता येणे, ही शिकण्याजोगी गोष्ट आहे.

मग धर्मांविषयी शिकवूच नये काय? शिकवावे, असे आमचे मत आहे. पण ते ज्ञानाचा भाग म्हणून, चारित्र्याचे औषध म्हणून नव्हे. इंग्लंडची वाटचाल येथे पाहण्यासारखी आहे. तेथे १९४४च्या कायद्याने शाळांत धार्मिक शिक्षण आणि रोजची सामुदायिक उपासना सक्तीची केली. गंमत अशी की कायद्याने सक्तीचा असा तो एकच विषय होता, गणितही नव्हे. पालकांना मूल त्या तासातून काढून घेण्याची मुभा होती. पुढे समाज बदलला. १९६७ साली लँकेस्टर विद्यापीठात निनियन स्मार्ट यांनी धर्मांच्या अभ्यासाचा विभाग सुरू केला. धर्माकडे सहा अंगांनी पाहावे, असे त्यांचे म्हणणे: विधी, कथा, तत्त्व, नीती, समाजसंस्था आणि अनुभव. (सातवे अंग, म्हणजे वास्तू-वस्तू, त्यांनी नंतर जोडले.) आपल्या शिक्षकांनी आषाढीची वारी घेऊन ही अंगे लावून पाहावीत. दिंडीची शिस्त, संतांच्या कथा, पायी चालण्याचा अनुभव, फडांची व्यवस्था: एका वारीत भूगोल, इतिहास, समाजशास्त्र सगळे येते. मग तीच अंगे रमझानच्या रोजांना लावावीत. कोणता धर्म खरा, हा प्रश्न सोडवल्यावाचून अभ्यास पुढे जातो, हे या पद्धतीचे बळ.

बर्मिंगहॅमच्या १९७५च्या अभ्यासक्रमात अनेक धर्मांबरोबर मानवतावाद आणि साम्यवाद यांसारख्या निधर्मी जीवनदृष्टींनाही जागा मिळाली, आणि त्यावर मोठे वादळ उठले. १९८८च्या कायद्याने ख्रिस्ती परंपरेला मुख्य स्थान देऊन इतर प्रमुख धर्मांची दखल घेणे बंधनकारक केले. सामुदायिक उपासना मात्र कायद्यात तशीच राहिली. शिकवणे आणि पूजा करवून घेणे यांतली ही गाठ त्यांना पूर्ण सोडवता आली नाही, आणि आपण तिथून काही घ्यायचे तर ही गाठ सोडून घ्यावे. फ्रान्सच्या सरकारी शाळांतून धर्म कडेकोट बाहेर ठेवलेला. पण तेथेही २००२ साली रेजिस दब्रे यांनी शिक्षणमंत्र्यांना अहवाल दिला की धर्म ही वस्तुस्थिती म्हणून शिकवली पाहिजे, नाहीतर मुलांना स्वतःच्या देशातली चित्रे आणि इमारतीसुद्धा कळणार नाहीत. आपल्याकडे न्यायालयाचा निकाल आला, ते हेच वर्ष.

विज्ञानाच्या शिक्षकाला या कामी स्वतंत्र पुस्तकाची वाट पाहण्याची गरज नाही. त्याच्या हाताशी पंचांग आहे. चांद्रमास सरासरी २९.५३ दिवसांचा. बाराने गुणा: ३५४ दिवस आणि थोडे वर. सौरवर्ष ३६५.२४ दिवसांचे. सुमारे अकरा दिवसांचा हा फरक प्रत्येक समाजाने कसा हाताळला, यात धर्मांचा केवढा तरी अभ्यास दडलेला आहे. इस्लामी पंचांगाने तो फरक भरून काढला नाही. म्हणून भारतात रमझान ईद २०२३ साली २२ एप्रिलला, २०२४ साली ११ एप्रिलला आणि २०२५ साली ३१ मार्चला आली. सुमारे ३३ वर्षांत ती सगळ्या ऋतूंतून फिरते. हिंदू पंचांग साधारण साडेबत्तीस महिन्यांनी अधिक मास घालते, म्हणून दिवाळी पावसाळ्यात कधी जात नाही. २०२५ची ऑक्टोबरात आली, २०२६ साली अधिक ज्येष्ठ असल्याने ती नोव्हेंबरात. यहुदी पंचांग १९ वर्षांत सात महिने वाढवते. मुलांना गुणाकार करू द्या: २३५ चांद्रमास आणि १९ सौरवर्षे, दोन्ही ६९३९ दिवसांच्या थोडी पुढे येतात, अंतर अवघ्या काही तासांचे. आणि हे यहुदी कोणी दूरचे नव्हेत. कोकणातले मराठी बोलणारे बेने इस्रायल तेलाचा धंदा करत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून त्यांना 'शनिवार तेली' हे नाव पडले. वसईच्या चर्चमधला ईस्टर २१ मार्च वा त्यानंतरच्या पहिल्या पौर्णिमेनंतरच्या रविवारी येतो. त्यात चंद्र, सूर्य आणि आठवडा असे तिघेही गुंतलेले. पारशांच्या शहनशाही पंचांगात वर्ष ३६५ दिवसांचे, लीप दिवस नाही, म्हणून ते चार वर्षांत एक दिवस सरकते आणि वसंतातले नववर्ष सरकत सरकत ऑगस्टमध्ये पोहोचले आहे. त्यांच्यातच फसली पंचांग पाळणारे आहेत, ते २१ मार्च धरून बसतात.

असा पाठ घेताना एक पथ्य फार महत्त्वाचे आहे. वर्गात एखादे मुसलमान किंवा ख्रिस्ती मूल असते. शिक्षक प्रेमाने म्हणतात, "तू सांग रे, तुमच्यात काय करतात?" त्या क्षणी ते मूल विद्यार्थी राहत नाही, नमुना होते. बाकीचे एकूणपन्नास जण 'आपण' आणि ते एकटे 'तुम्ही'. त्याला स्वतःहून सांगायचे असेल तर जरूर सांगू द्यावे. पण धर्माची साक्ष देण्यासाठी कोणत्याही मुलाला उभे करू नये. त्याच्या घरी कदाचित काहीच पाळत नसतील, कदाचित त्याला ते वर्गापुढे यायला नको असेल. जे मूल कोणताच धर्म मानत नाही त्याचीही अशीच काळजी घ्यावी लागते, आणि त्याची आठवण बहुधा कोणाला होत नाही.

विज्ञान आणि धर्म यांच्या सीमेवर काय करावे, असेही शिक्षक विचारतात. श्रद्धा जेव्हा जगाविषयी तपासता येईल असे विधान करते, तेव्हा तिला विज्ञानाच्या तासात सवलत नाही. ग्रहणात गर्भवतीने भाजी चिरली तर मुलाचा ओठ फाटतो, हे विधान खोटे आहे, आणि ते खोटे आहे असेच सांगावे. घटनेच्या ५१-क कलमात १९७६ साली वैज्ञानिक दृष्टिकोन हे कर्तव्य म्हणून आले, त्याच यादीत धर्माधर्मांतील बंधुभावही आहे. दोन्ही एकदम पाळता येतात. मात्र त्याचबरोबर 'विज्ञान विरुद्ध धर्म' असे कायमचे युद्ध रंगवण्याचा मोहही टाळावा. गॅलिलिओवर १६३३ साली खटला चालला हे खरे. आनुवंशिकतेचे नियम शोधणारा मेंडेल मठवासी होता आणि १९२७ साली प्रसरणाऱ्या विश्वाचे गणित मांडणारा लमेत्र कॅथलिक धर्मगुरू होता, हेही खरे. दहावीच्या मुलांपुढे तिन्ही ठेवावेत आणि काय दिसते ते त्यांना विचारावे.

राहिला मूल्यमापनाचा प्रश्न. आपल्याकडे तास आला की परीक्षा येते आणि परीक्षा आली की गाइड. अधिक मास का घालतात, रोजा केव्हा सुरू होतो व केव्हा सुटतो, जैन आणि बौद्ध विचारांत ईश्वराचे स्थान काय, हे खुशाल विचारावे आणि गुण द्यावेत. 'सर्व धर्मांचा आदर का करावा, दहा ओळींत लिहा' हा प्रश्न मात्र काढू नये. त्याचे उत्तर सगळ्या मुलांना येते, आणि ते वाचून तपासणाऱ्याला कोणत्याही मुलाविषयी काहीही कळत नाही.